हातोडे ठेवा

आमच्या आळीत माणूस माणसाशी ओरडून तरी बोलायचा, नाहीतर खुणांनी. जुन्या नाशकात, नदीपासून हाकेच्या अंतरावर तांबटांची ही आळी होती. उजाडलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून हातोडे सुरू व्हायचे, ते दिवे लागेपर्यंत. हंडे, घागरी, बंब, पराती. पुरुष ठोकायचे आणि बायका ओट्यावर बसून तयार भांडी चिंचेनं घासायच्या. भाकर झाली का, पोर निजलं का, सासू घरात आहे का, हे सगळं आम्ही हातांनी विचारायचो. कमळाबाई म्हणून कारभारीतात्यांची सून होती, ती तर हातांनी नकला करायची. पंच पान कसं खातात ते दाखवायची आणि आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. हसलो असतो तरी कुणाला ऐकू आलं नसतं म्हणा.

अजूनही कुठे तांबं ठोकताना ऐकलं तर मी थांबते. बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. चिंचेनं घासलेल्या घागरीची ती गुलाबी झाक, हातांना येणारा आंबट वास, सगळं समोर येतं. त्याच आवाजाखाली मी मार खाल्ला. दोन्ही एकाच आवाजात आहेत. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

माझं माहेर चांदवडचं. बापही तांबटच, पण एकट्याचं दुकान, एक ऐरण. मला नाशकात दिली ती दुसरेपणावर. नवऱ्याचं नाव गेणू. तेव्हा नाव घेण्याची रीत नव्हती, मी 'अहो' म्हणायची. आता मी 'तो' म्हणते, आणि नावही घेते. त्याची पहिली बायको भिमाबाई पुरात गेली, घाटावर धुणं धुताना पाय घसरला, असं आम्हाला सांगितलं होतं. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा छोटा टाक घातला. सवतीचा टाक. दुसरेपणाच्या बाईनं गेलेल्या सवतीला गळ्यात वागवायचं, सणावाराला पहिला घास तिला दाखवायचा, मग स्वतः जेवायचं. त्या टाकावर बाईची नुसती आकृती होती, नाकडोळे नव्हते. मी तो पोलक्याच्या आत ठेवायची. रात्री कूस बदलली की तो गार लागायचा.

आळीचा कारभार पंच पाहत. कारभारीतात्या मुख्य. कुणाला मुलगी द्यायची, कुणाकडे जेवायचं, सुनेनं माहेरी कधी जायचं, सगळं त्यांच्या मानेवर. तात्यांनी मान हलवली की झालं. न विचारता निघालेल्या बाईला घरात घेणाऱ्या माहेराला वाळीत टाकत. मग त्यांच्याकडचं तांबं कुणी घेत नसे, मयताला खांदा मिळत नसे. त्याच सुमारास काळारामाच्या दारातला सत्याग्रह नुकताच थांबला होता. गावात सगळीकडे तीच चर्चा, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही. आमच्या आळीत मात्र बाहेर कोण जाऊ शकतं, हा प्रश्नच कुणी काढत नव्हतं.

आळीची एक रीत मी लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत पाहिली. चांदवडला तसं काही नव्हतं. मी मागच्या दारी तांदूळ धूत होते, आणि एकाएकी आळीच्या वरच्या टोकाकडून आवाज विझायला लागला. एक घर गप्प झालं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या समोरचं. दिवे मालवत कुणी चालत यावं तसं. माझ्या हातातले तांदूळ सांडले. बाहेर येऊन पाहिलं तर प्रत्येक उंबऱ्यावर हातोडा आडवा ठेवलेला. कारभारीतात्यांची म्हातारी आई गेली होती.

समोरच्या घरातल्या नवसाबाईंनी मला सांगितलं. त्या विधवा होत्या, एकट्या राहायच्या, आळीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं त्यांनी केलेली. म्हणाल्या, "मयत झाली की घरचं माणूस दारात येऊन म्हणतं, 'हातोडे ठेवा'. ऐकणाऱ्यानं हातातला ठोका अर्धा टाकून हातोडा उंबऱ्यावर ठेवायचा, पुढच्याला सांगायचं, आन् बाहेर येऊन उभं ऱ्हायचं. त्या तिथं निंब हाय ना, आळीच्या तोंडाशी? मयत निंबापल्याड जाईस्तोवर कुणी ठोकायचं नाय."

"आणि ठोकलं तर?"

"तर पुढची मयत त्याच्या घरची." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणतात आपले. पण ठोकून बघणारा अजून जन्माला यायचाय."

मयत निंबापलीकडे गेली. तात्या खांदा दुसऱ्याला देऊन तेवढ्यापुरते परतले आणि त्यांनी पहिला ठोका मारला, तो त्यांचा मान. मग सगळी आळी पुन्हा वाजायला लागली.

गेणू मला मारायचा तो दिवसा. हे समजायला मला थोडा काळ लागला. संध्याकाळी, आळी शांत झाल्यावर, तो कधी हात उगारत नसे. जेवायचा, झोपायचा, एखाद वेळी गोडही बोलायचा. अमावास्येला हातोड्यांना सुट्टी, त्या दिवशी तर मी बिनघोर असायची. पण उजाडलं, पहिला ठोका पडला की मी त्याच्या ऐरणीकडे कान लावून बसायची. कारण काहीही असे. भाजीत मीठ, पदर ढळला, ओट्यावर जास्त वेळ बसलीस, कुणाकडे पाहिलंस. तो ऐरणीवरून उठायचा, धाकट्या भावाकडे, काळूकडे एकदा पाहायचा, आणि मला मागच्या कोळशाच्या खोलीत घेऊन दार लावायचा. पुढे काळूचा हातोडा दुपटीनं चालायला लागायचा. पत्रा मऊ असो की नसो, काळू जीव खाऊन ठोकायचा. आळीतल्या बायकांना तो ठोका ओळखू यायचा. त्या मान खाली घालून घागरी घासायच्या.

मारताना तो बोलायचा. ते मला मारापेक्षा जास्त लागायचं. "भिमाबी अशीच होती. भिमालाबी सांगून पाहिलं." आणि शेवटी, दम लागला की, "येऊ दे गोदेला पूर."

कित्येक महिने मी हे ऐकत होते. त्याचा अर्थ मला पहिल्याच वेळी कळला होता, पण तो मी स्वतःला कळू दिला नव्हता.

वैशाखात आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुली माहेरी जातात. बाप न्यायला आला होता. ओसरीवर बसून पंचांच्या मानेची वाट पाहत राहिला. तात्यांनी मान हलवली नाही. गेणूनं त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं होतं. बापानं जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या मनगटावरचं काळंनिळं पाहिलं. काय बोलणार? घरी माझ्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या.

त्यानंतरच्या अमावास्येची गोष्ट. हातोडे बंद, आळी चिडीचूप. गेणू ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. एकाएकी कपाळाला आठ्या घालून तो जवळजवळ ओरडलाच, "आज कोण काम करतंय? अमावास्येला? तात्यांना सांगायला पायजे."

मी ऐकलं. नीट कान देऊन ऐकलं. कावळा ओरडत होता, दुसरं काही नाही.

तांबटांचे कान लवकर जातात, हे आळीत सगळ्यांनाच माहीत. म्हाताऱ्यांशी कानाशी तोंड नेऊनच बोलायचं. गेणू तसा तरणा होता, पण त्याच्याशीही जवळ जाऊन, मोठ्यानं बोलावं लागायचं. मला वाटायचं, ऐकू कमी येतं इतकंच. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्याच्या डोक्यात हातोडे चालूच असतात.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन घाटावर गेलो तेव्हा मी नवसाबाईंना हे सांगितलं, गंमत म्हणून. घाटावर आम्ही हातांनी नाही, तोंडानं बोलायचो. तेवढीच जागा होती बोलायला. नवसाबाई पातळ पिळत होत्या, त्यांचे हात थांबले.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"त्याला खरंच वाटलं, कुणी ठोकतंय?"

"उठून बघायला निघाले होते, मावशी."

त्यांनी पातळ दगडावर ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "भिमा गेली त्या दिवशी सकाळपासून काळूचा हातोडा असाच चालला होता. मी ओट्यावर बसून होते. घागर घासत. संध्याकाळी तिला घेऊन हा घाटाकडं गेला, तेबी पाहिलं. एका घागरीला किती घासायचं गं माणसानं?"

माझे दात वाजायला लागले. भर उन्हात.

"मावशी, पाणी चढायला लागलं की..."

"ठाऊक हाय." त्यांनी माझं मनगट धरलं, दुखऱ्याच जागी, पण मी हात सोडवला नाही. "हे बघ चतुरे. एक ध्यानात ठेव. तू आत असशील आन् हातोडे थांबले, तर तू ओरडू नको. बाई ओरडली तर लोक म्हणतात, कांगावा करती. तू त्याला बोलतं कर. त्याला बोलू दे."

"हातोडे का थांबतील?"

"ते माझ्याकडं. तू फक्त त्याला बोलतं कर."

मला काही समजलं नाही. त्यांनी पिळा खांद्यावर टाकला आणि वर निघाल्या. वाटेत कमळाबाई भेटली, तिला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याच्या कानाशी बोलायची सवय हाय का गं तुला?" कमळाबाई हसली, "मामंजींच्या समोर मी अजून खाकरलेसुद्धा नाय, मावशी, अन् कानाशी!"

आषाढ सरला. वर त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस लागला की इकडे गोदा गढूळ होते, मग भरते. रोज कुणी ना कुणी सांगायचं, पाणी इथवर आलं, पाणी तिथवर आलं. दुसऱ्यांना ती गंमत होती. पोरं पूर बघायला धावायची. मी भाकरी थापताना ऐकायची आणि तव्यावरची भाकर जळायची. एक दिवस काळू बाहेरून आला आणि भावाच्या कानाशी ओरडला, "पाणी नारोशंकराच्या देवळाला लागलं!" गेणूनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी परातीतलं पीठ मळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्याहारीला बसला. भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात धुतला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आज धुणं सकाळी नेऊ नको. संध्याकाळी जाऊ. मीच येतो संगं. घाटावर निसरडं झालंय."

बाहेर पहिला ठोका पडला. मग सगळे.

मी ओट्यावर आले. घागर पुढ्यात घेऊन बसले. समोर नवसाबाई घागर घासत होत्या. मी हातांनी धुणं पिळल्याची खूण केली. मग सूर्य मावळल्याची. मग स्वतःकडे बोट केलं, आणि मग आत, त्याच्याकडे. शेवटी हात लाटेसारखा हलवला. नदी. नवसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घागर घासायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सगळ्या खुणा केल्या.

खांद्यावर हात पडला.

"कुणाला खुणा करती?"

त्यानं मला उठवलं. काळूकडे पाहिलं. काळूनं माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि हातोडा उचलला. कोळशाच्या खोलीचं दार लागलं, आतून कडी पडली, आणि पुढे काळूचा हातोडा दुपटीनं सुरू झाला.

त्या खोलीत वर एक झरोका होता, तेवढाच उजेड. तो मला भिंतीशी धरून विचारत होता, कुणाला सांगितलंस, काय सांगितलंस. मी डोकं हातांत घेऊन खाली बसले होते. कोळशाची पूड नाकातोंडात जात होती. मला एकच विचार येत होता, की संध्याकाळपर्यंत हा मला चालण्याजोगी ठेवेल. घाटापर्यंत चालावं लागेल ना.

आणि मग वरच्या टोकाकडचा एक आवाज गेला.

मला आधी वाटलं, माझेच कान बसले. पण दुसरा गेला. तिसरा. ती विझत येणारी शांतता मी ओळखत होते. कुणीतरी गेलं होतं. कुणीतरी हातोडे ठेवायला सांगितलं होतं. शांतता घरामागून घर आमच्याकडे येत होती. शेजारचं घर गप्प झालं. आणि मग, एक ठोका अर्धाच पडून, काळूचा हातोडा थांबला.

मी मान वर करून गेणूकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यात काही बदल नव्हता. तो बोलतच होता, त्याच मोठ्या आवाजात, हातोड्यांवरून ओरडावं तसा.

त्याला कळलं नव्हतं.

त्या क्षणाइतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मार सोसायची सवय झाली होती. आता मला काहीतरी करायचं होतं, आणि ते माझ्या हातून होणार नाही याची ती भीती होती. माझ्या घशातून किंकाळी वर येत होती. बाहेर माणसं आहेत, ओरड, ओरड, असं सगळं अंग म्हणत होतं. मी दात आवळले. भिंतीला धरून उभी राहिले. आणि जो माणूस मला मारत होता त्याच्याच जवळ गेले, इतकी, की माझं तोंड त्याच्या कानाशी आलं. तो एवढा चकित झाला की त्याचा हात तसाच वर राहिला.

"भिमाबाईचं काय केलं तुम्ही?" मी त्याच्या कानात म्हणाले. "मला आज नेणारच आहात. मग सांगा तरी."

तो हसला. मग त्यानं सांगितलं. छाती फुगवून, मोठ्यानं.

"ढकलली! ह्या हातांनी! तिच्या हातातला धुण्याचा पिळा तिनं सोडला नाय, शेवटपर्यंत धरून होती, येडी. पंचांना काय सांगितलं? पाय घसरला. कुणी विचारलं काय? तात्यानं विचारलं? एका माणसानं एक सवाल नाय केला. तुझ्या वक्तालाबी नाय करणार!"

बाहेर इतकी शांतता होती की मला चिमणीचे पंख ऐकू येत होते. मग आमच्या ओसरीसमोरून एक म्हातारा, चिरका आवाज आला. कारभारीतात्यांचा. "काय म्हणतो? आँ? काय म्हणतोय गेणू?"

कुणी उत्तर दिलं नाही. पुरुषांपैकी कुणीच नाही.

"अरे सांगा की! काय म्हणतोय?"

आणि मग कमळाबाईचा आवाज. सासऱ्यासमोर कधी खाकरली नव्हती ती. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं असणार, पण ओरडली ती साऱ्या आळीसाठी. "मामंजी, तो म्हणतोय, भिमाला मी ढकलली! म्हणतोय, तात्यांनी एक सवाल नाय केला! म्हणतोय, चतुरालाबी आज ढकलणार!"

दारावर धक्के बसायला लागले. ते मात्र त्याला दिसले, दार हललं तेव्हा. त्यानं चिडून कडी काढली, काळूला शिवी द्यायला म्हणून. दारात नवसाबाई होत्या. त्यांच्या मागे ओसरी भरून माणसं, आणि ओसरीच्या खाली, पार समोरच्या घरापर्यंत, माणसंच माणसं. सगळ्यांचे ओठ हलत होते. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"काय?" तो ओरडला. "काय बोलताय? ठोकणं थांबवा रे आधी! काही ऐकू येईना!"

कुणी हललं नाही. एकही हातोडा चालू नव्हता. एका पोरानं रडायला सुरुवात केली आणि आईनं त्याला पोटाशी धरलं.

"थांबवा म्हणतो ना!"

मग त्याची नजर खाली गेली. आमच्या उंबऱ्यावर काळूचा हातोडा आडवा पडला होता. त्यानं पलीकडच्या उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं हातोडा. शेजारी, तिथंही. मी त्याचा चेहरा पाहत होते. तो काय काय बोलून गेला, ते एकेक करून त्याला आठवत होतं.

तात्या काठी टेकत पुढे आले. आधी ते नवसाबाईंवरच ओरडले. "नवसे, हातोडे ठेवायला तू सांगितलं. मयत कुणाची?"

"हिची." नवसाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. त्या मोठ्यानं, तोडून तोडून बोलत होत्या, तात्यांना कळावं म्हणून.

"ही जिती हाय!"

"संध्याकाळपर्यंत."

तात्यांनी चौफेर पाहिलं. सगळी आळी त्यांच्या मानेकडे पाहत होती. "बरं. झालं ते झालं. उद्या पंच बसवू. उचला हातोडे, कामाला लागा."

कुणी वाकलं नाही.

"उचला म्हणतो!"

"मयत गेली नाय, तात्या," मागून कुणीतरी पुरुष म्हणाला.

"अरे मयत झालीच नाय तर जाईल कुठून?"

"हातोडे तर ठेवलेत," नवसाबाई म्हणाल्या. "आता मयत निंबापल्याड गेल्याबिगर ज्यानं ठोकलं, पुढची त्याच्या घरची. तुम्हीच शिकवलं आम्हाला. पहिला ठोका तुमचा मान हाय. मारा की."

तात्या आपल्या उंबऱ्याच्या दिशेनं वळले. तिथे त्यांचा हातोडा पडला होता, आणि वाटेतच कडेवर त्यांचा नातू घेऊन कमळाबाई उभी होती. तात्या जागचे हलले नाहीत.

"मग काय म्हणणं हाय तुझं?" त्यांनी शेवटी विचारलं, अगदी बारीक आवाजात.

"मयत काढा आळीबाहेर. ही मेली असं समजा आन् निंबापल्याड जाऊ द्या. मेलेल्या बाईवर आळीचा हक्क नाय, नवऱ्याचा नाय. आन् मेलेलीला घरात घेतली म्हणून कुणाच्या बापाला वाळीत टाकायची रीत अजून पंचांनी काढली नाय."

कुणीतरी हसलं, भीतीनंच. तात्या माझ्याकडे वळले. माझा चेहरा कोळशानं काळा झाला होता, ओठ फुटला होता. मला वाटतं, तात्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी मान हलवली.

मी उंबरा ओलांडला. काळूच्या हातोड्यावरून पाय उचलून टाकला. गेणू माझ्यामागे झेपावला, मला त्याचा श्वास मानेवर लागला, आणि मी डोळे मिटून घेतले. तात्यांची काठी आडवी झाली.

"गेणू," ते म्हणाले. "मयतीच्या आड येऊ नये."

काळूनं भावाचा दंड धरला. आयुष्यात त्यानं माझ्यासाठी केलेली तेवढी एक गोष्ट. त्यासाठी त्याला मी बाकीचं माफ केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आळी काही लांब नव्हती. पण त्या दिवशी ती संपेना. दोन्ही अंगांना माणसं उभी, प्रत्येक उंबऱ्यावर हातोडा. माझ्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता, तो त्या आळीत मी कधी ऐकला नव्हता. एकच भीती होती, की माझा पाय निंबापलीकडे पडायच्या आत कुणाचा तरी हातोडा वाजेल. एक ठोका पडला की रीत मोडली, मग मी मयत नाही, मग मी गेणूची बायको. एका ओट्यावर मांजरानं परात पाडली आणि मी जागीच थांबले. नवसाबाई मागून येत होत्या. "चाल," त्या म्हणाल्या. "मागं बघू नको. मयत मागं बघत नाय."

टाक पोलक्यातून बाहेर आला होता आणि चालताना छातीवर आपटत होता. मी तो मुठीत धरला. तिला कुणी हातोडे ठेवून बाहेर काढलं नव्हतं. ती पुरातून गेली होती, आणि त्या दिवशी आळी सकाळपासून ठोकतच राहिली होती. मूठ घट्ट करून मी निंब ओलांडला.

दोन पावलं टाकली असतील, तोच मागे एक ठोका पडला. एकच. मग दुसरा कुणाचा तरी. मग सगळे.

नवसाबाईंनी मला चांदवडच्या मोटारीत बसवलं. स्वतः परत गेल्या. कुठे जाणार होत्या?

पोलिसांत कुणी गेलं नाही, हेही सांगायला हवं. आळीतलं आळीतच राहिलं. पंचांनी गेणूला काय शिक्षा केली ते मला नीट कळलं नाही. त्याच्या ऐरणीला पुन्हा कुणी मुलगी दिली नाही, इतकं कमळाबाई एकदा भेटली तेव्हा म्हणाली. ती आणखीही एक म्हणाली, की नवसाबाई जिवंत होत्या तोवर, कुठल्याही घरात हातोडा दुपटीनं चालायला लागला की त्या घागर खाली ठेवून ओट्यावर नुसत्या उभ्या राहायच्या. तेवढ्यानंच हातोडा सावकाश व्हायचा.

माझं पुढचं आयुष्य चांदवडलाच गेलं. भिमाबाईचा टाक देव्हाऱ्यात आहे. पहिला घास अजून तिला दाखवते.

बापानं मला काही विचारलं नाही. पण मी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं दुकानात पहिला ठोका मारला, आणि मी चुलीपुढून उठून परसात पळाले. कडुलिंबाला मिठी मारून उभी राहिले. तो येऊन पाहून गेला.

त्यानंतर, तो होता तोवर, रोज सकाळी ऐरणीवर बसला की तो आधी आत हाक द्यायचा. "चतुरे, ठोकू का गं?"

मी "ठोका" म्हणेपर्यंत हातोडा मांडीवर घेऊन बसून राहायचा. एखाद्या दिवशी मी म्हणायचीच नाही. मग तो तसाच बसायचा, गिऱ्हाईक आलं तरी.